काळवंडलेला चंद्र आणि न्यायी डोंगर

डोंगरांना तोंड होते आणि लाज नव्हती, तेव्हाची गोष्ट. कोजागरीच्या आदल्या पौर्णिमेला ग्रहण लागले. एरवी ग्रहणात तांबूस दिसणारा चंद्र या वेळी कोळशासारखा दिसला.

महिनाभर राख ओकणारा ज्वालामुखी डोंगर गरजला, "असला काळतोंड्या कोजागरीला नको!"

प्राण्यांनी माना डोलावल्या. चंद्र रडवेला झाला.

वारा म्हणाला, "डोंगरराव, ग्रहणात त्याला माझ्यातून गाळून गेलेला सूर्याचा तांबडा उजेड तेवढा मिळतो. यंदा तुमच्या राखेने तोही अडवला."

"म्हणजे मळका तू! मग तूही येऊ नकोस."

प्राण्यांनी पुन्हा माना डोलावल्या.

कोजागरीला वाऱ्यावाचून चूल पेटेना. सगळे अंधारात कच्चे दूध प्याले आणि डोंगराच्या न्यायबुद्धीची वाहवा करत राहिले.