वेताळमाळावरचा आठवा

चैत्रात धामणकड्याच्या वेताळमाळावर कबड्डीचा सामना असतो. शहराकडचे पाहुणे येतात आणि वरच्या वाडीच्या वस्तादाला बघून हमखास हसतात. साठी उलटलेला माणूस, पोट सुटलेलं, गुडघे कामातून गेलेले. तरी अंगात गड्यांसारखीच लाल बनियन आणि लाल चड्डी. खेळायचं सोडाच, धड उकिडवं बसता येत नाही, मग हा थाट कशाला? गावात मात्र त्याला कोणी हसत नाही. फारच खोदून विचारलं तर म्हातारी माणसं आधी माळावरच्या दगडांच्या रिंगणाकडे बघतात, आणि मग आवाज खाली आणून सांगतात.

फार पूर्वी म्हणे या रिंगणात हुतूतू व्हायचा. जागा वेताळाची, म्हणून नेम कडक. वरच्या वाडीने अंगाला गेरू फासायचा, खालच्या वाडीने भस्म. इकडचे सात, तिकडचे सात. गुरव आत जाताना गडी मोजायचा आणि बाहेर येतानाही मोजायचा. रंग न लावता जो दगड ओलांडेल तो वेताळाचा, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. वस्ताद तेव्हा वेगळा नसायचा. सातांतला जो जाणता, तोच खेळायचा आणि तोच खेळवायचा.

हैबती हा वरच्या वाडीचा असाच वस्ताद. एका साली त्याचा गुडघा निखळला. खेळ सुटला, पण हुकूम सोडायला जीव होईना. पुढच्या चैत्रात तो पांढरंशुभ्र धोतर नेसून, फेटा बांधून ऐटीत रिंगणाबाहेर येऊन बसला. आपल्या जागी त्याने जावयाला, सिदूला उतरवलं होतं. लेकीच्या, ठकूच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

गुरवाने गेरूची परात पुढे केली. "हैबती, बोटभर तरी लाव. गडी तुझ्या शब्दावर आत जात्यात. तुझी, खेळवणाऱ्याची जागा तिथं मोकळी ऱ्हाईल."

"खेळायचं न्हाई तर रंग कशाला, गुरवबुवा? धोतर खराब व्हतंय."

गुरवाने परात तिथेच खाली ठेवली आणि गडी मोजून आत सोडले.

दिवस कलायला लागला तेव्हा सिदू चढाईवर गेला. हुतूतू, हुतूतू करत त्याने दोन गडी टिपले. आता परतायला हवं होतं. हैबती ओरडला, "सिदू, माघारी फिर!"

आणि त्याच वेळी रिंगणाच्या आतून आवाज आला, "दम सोडू नगंस. फुडं जा."

तो आवाज हैबतीचा स्वतःचा होता.

सिदू पुढे गेला. हैबतीने घाईघाईने आपले गडी मोजले. सिदू रेषेपलीकडे, म्हणजे अलीकडे सहा हवेत. सात भरले. पुन्हा मोजले, तरी सात. सगळ्यांच्या तोंडाला गेरू, कोण कुठला ते ओळखू येईना. सहाजणांच्या अंगावरून घामाने गेरूचे ओघळ वाहत होते. मागे उभ्या असलेल्या सातव्याच्या अंगावर एकही ओघळ नव्हता.

खालच्या वाडीचे गडी सिदूला धरायचं सोडून मागे सरकले होते. त्याचे ओठ काळेनिळे पडले, डोळे बाहेर आले, तरी हुतूतू तुटेना. "फुडं जा," आतला आवाज म्हणाला. हैबतीने घसा फाटेस्तोवर हाका मारल्या, पण एकाही गड्याने मान वळवली नाही. बाहेरचं कुणाला ऐकूच जात नव्हतं.

"आबा, थांबवा की त्येंना!" बघ्यांमधून ठकू किंचाळली.

हैबती भ्याला. एवढा मोठा वस्ताद, पण दगडापाशीच थांबला. असं पांढऱ्या धोतरात दगड ओलांडला तर परत येणं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मग त्याची नजर परातीवर गेली. त्याने फेटा भिरकावला, धोतर फेडलं, नुसत्या लंगोटावर राहून अंगाला ओंजळी भरभरून गेरू फासला आणि लंगडत आत शिरला. तो थेट त्या सातव्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ही जागा माझी हाय," तो म्हणाला.

सातव्याने मान वर केली. हैबतीने तिथे काय पाहिलं ते कोणालाच कळलं नाही. पलीकडे सिदूचा दम तुटला आणि तो धाडकन पडला. त्याची छाती मात्र वरखाली होत होती.

गुरवाने बाहेर येणारे मोजले. सिदू धरून सातजण आणि हैबती, आठ. तो बिनओघळाचा गडी त्यांत नव्हता. ठकूचं कुंकू राहिलं. हैबती त्यानंतर वीस वर्षं जगला, पण त्याच्या तोंडून पुन्हा शब्द फुटला नाही. माणूस बाहेर आला, आवाज आतच राहिला, असं सांगतात.

गेरूच्या जागी आता लाल कपडे आले, पण आजही वरच्या वाडीचा वस्ताद गड्यांचेच कपडे घालून रिंगणात उभा राहतो, आणि गुरव आठ मोजतो. सामना संपेपर्यंत वस्ताद तोंड उघडत नाही, जे सांगायचं ते टाळ्या वाजवून सांगतो. कारण दिवस कलताना आतून कधी कधी हाक येते म्हणे, "फुडं जा." मग सातही गडी आधी वस्तादाच्या तोंडाकडे बघतात. ते मिटलेलं असतं, आणि कोणी पाऊल उचलत नाही.