दोन आरसे, एक निळं दार

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा आरसे बोलत आणि नवरा-बायको घरच्यांसमोर बोलत नसत.

त्या राज्यात कुणाचं कर्ज थकलं की राजा त्याचं घर जप्त करी आणि लिलावात काढी. दवंड्या पिटवून प्रधान कंटाळला, तेव्हा त्यानं गावोगावी जादूचे आरसे लावले. बायकांचा पाणवठ्यावर, पुरुषांचा चावडीवर. आरशात घराचं नुसतं दार दिसे. आपण बोली सांगायची. कुणी वरचढ बोली केली की आरसा म्हणे, "कुणीतरी पुढे गेलं." कोण, ते मात्र सांगत नसे.

विणकरांच्या एका गावात एक नवी सून होती. एकाच खोलीत सासू-सासरे, दोन दीर, एक माग आणि मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. नवऱ्याशी मनातलं काही बोलायला जावं, तर पडद्यापलीकडून सासूबाई खोकत. म्हणून ती बोलतच नसे.

एकदा पाणवठ्यावरच्या आरशात तिला एक निळं दार दिसलं. ती हळूच म्हणाली, "माझ्या पाटल्या."

घागर भरेस्तोवर आरसा म्हणाला, "कुणीतरी पुढे गेलं."

तिनं हातातले गोठ वाढवले. कुणीतरी पुढे. लग्नातला शालू वाढवला. पुन्हा कुणीतरी पुढे! तिला काही उमजेना. आपल्याइतकंच हे दार ज्याला हवंय, असा गावात आहे तरी कोण?

संध्याकाळी नवऱ्याचा घास तोंडातच फिरत होता.

"भाकरी कडक झाली का हो?"

"नाही गं. एक मेला उगाच आडवा येतोय. झालंय असं, की..."

सासूबाई खोकल्या. तो पाणी प्यायला. तिला आरशातला आपला मेला आठवला. ती मनात म्हणाली, 'त्याच्या घरात वटवाघळं लोंबोत!'

दुसऱ्या दिवशी आरसा म्हणाला, "कुणीतरी माग लावलाय." विणकरांचं गाव, तिथं मागांना काय तोटा! तिचा हात मंगळसूत्राकडे गेला आणि मागे आला. बोली न वाढवता ती घरी परतली.

घरी नवरा माग सोडवत बसला होता. "अगं, ओळख बघू! तुझ्यासाठी घर घेतलं. निळ्या दाराचं!"

तिच्या हातून घागरच सुटली.

किल्ली द्यायला आलेला राजाचा कारभारी उपरण्याआड हसला. "तुम्ही दोघंच तर होतात बोलीला! पाटल्यांतच मिळत होतं की घर, वहिनी."

पण दिलेली बोली मागे घेता येत नसे. माग गेला. नवरा दुसऱ्याच्या मागावर मजुरीला जाऊ लागला.

निळं दार उघडलं, तर आढ्याला ओळीनं वटवाघळं लोंबत होती. नवरा चक्रावला. "ही कुठून आली?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. या घरात पडदा नव्हता, पलीकडे कुणी खोकतही नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली. "बसा. सगळं सांगते."

तात्पर्य : मनातलं आपल्या माणसाला सांगितलं नाही, तर चढाओढ त्याच्याशीच होते.