फुलचंदशेठचं उघडं पान

नदीकाठच्या एका गावात फुलचंदशेठ नावाचे धान्याचे व्यापारी राहत. मदतीला ‘नाही’ म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मदत करणंही ठाऊक नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्याच गावात शैलजाताई गणित शिकवत. धरणातून पाणी सोडलं तर ते कुठल्या आळीत शिरेल, याचा नकाशा त्यांना पावसाळ्याआधी करायचा होता. हिशेब अवाढव्य, आणि तेवढा मोठा कॉम्प्युटर गावाकडे कुठला? म्हणून ताईंनी इंटरनेटवर एक पान तयार केलं. ते ब्राउझरमध्ये उघडून समोर ठेवलं, की हिशेबाचा एक तुकडा आपल्या कॉम्प्युटरवर सुटू लागे. पान उघडं असेपर्यंत तो तुकडा आपला. मिटलं, की तो दुसऱ्या कुणाकडे जाई. मदत करणाऱ्यांची नावं पानावर झळकत.

शेठजींनी सगळ्यांच्या आधी पान उघडलं. नाव झळकलं. मग त्यांनी क्रिकेटची मॅच लावली आणि पान मागे ढकललं. मागे गेलेल्या पानाचं काम ब्राउझर जवळजवळ थांबवतो, हे गावाला सांगून सांगून ताईंचं तोंड दुखलं होतं.

बाकीच्यांचे तुकडे सुटून आले. शेठजींचा काही येईना. ताई दुकानात गेल्या.

“शेठ, जमत नसेल तर पान मिटा. दुसरं कुणी करील.”

“मिटू कशाला? उघडंच आहे की.”

“मॅचच्या मागे आहे.”

“आज करून टाकतो, ताई. मिटलं तर नाव जाईल ना माझं.”

ताई रोज जात आणि शेठ रोज ‘आज’ म्हणत. ताईंना तो तुकडा काढून घेता आला असता. पण एवढ्या मोठ्या माणसाला दुखवायचं कसं? भीड आड आली. इथे ताईंचाही राग येतो, खोटं कशाला सांगू.

पाणी सुटलं तेव्हा नकाशात एकच आळी कोरी होती, शेठजींच्या तुकड्यातली, कुंभारांची. बाकी गावानं सामान आधीच हलवलं होतं. कुंभारांना मात्र कुणी काय सांगणार? माणसं वाचली, पण हौसाबाई कुंभारणीची वर्षभराची मडकी वाहून गेली.

शेठजी जेवणाची पाकिटं आणि फोटोवाला घेऊन हजर झाले. हौसाबाईनं पाकीट घेतलं नाही.

“तुमाला जमलं न्हाई, त्याचं काय न्हाई, शेठ,” ती म्हणाली. “दुसऱ्याला करू दिलं असतं, तर मडकी वर नेली असती म्या.”

तात्पर्य: जमत नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणावं. नुसतं नाव अडकवून बसणारा माणूस स्वतः मदत करत नाही आणि दुसऱ्याचीही अडवतो.