चंद्राची खुशाली

“खोट्याला खोटं म्हटलं, माई. यात माझं काय चुकलं?”

माई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्र्यंबक समोर उभा होता, तरी त्यांनी मान वर केली नाही.

“चुकलं, असं मी म्हणाले का?”

“काहीच म्हणाला नाहीत. परवापासून एक शब्द नाही. म्हणून तर विचारतोय.”

माईंचा मठ म्हणजे नदीच्या वळणावरची कुडाची झोपडी आणि पुढे सारवलेलं अंगण. पौष चालला होता. सकाळी पाण्यावरून उठलेलं धुकं दिवसभर हलायचं नाही. नदी कुठे संपते नि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नसे. नाव दिसायची नाही, नुसता वल्ह्याचा आवाज यायचा.

त्र्यंबक दसऱ्याच्या सुमारास माईंकडे शिकायला इथे आला होता. पैठणला तर्कशास्त्र शिकलेला. वादात त्याने भल्याभल्यांना गप्प केलं होतं. समोरचा गप्प झाला की त्याला वाटे, आपलं काम झालं.

रोज दिवस कलताना अंगणात थोडी माणसं जमत. त्यांत हैबती नावाचा एक म्हातारा धनगर असे. घोंगडी पांघरून तो कडेच्या एका ठरलेल्या जागी बसे. माई त्याला विचारत, “हैबतीबाबा, चंद्रा कशी आहे?”

चंद्रा त्याची मुलगी. पलीकडच्या वाडीत दिलेली.

मग तो सांगे. गाय व्यायली. धाकटा चालायला लागला. सासू आता गोड बोलते. चंद्रानं माईंना नमस्कार सांगितलाय... सांगताना म्हातारा लांब कुठेतरी पाही आणि त्याचा आवाज झोपेत बोलणाऱ्या माणसासारखा मऊ होई. ऐकणाऱ्यांनाही गुंगी येई.

त्र्यंबकला गुंगी आली नाही. गाय एकदा तांबडी होती, एकदा काळी. धाकटा एकदा मुलगा होता, एकदा मुलगी. शंका आली तसा तो नावेत बसून पलीकडे गेला. तिथे वाडी नव्हती. मागे कधीतरी पुरात वाहून गेली होती.

परवा माईंनी नेहमीसारखं विचारलं आणि हैबती बोलू लागला, तेव्हा त्र्यंबक उठून उभा राहिला. सगळ्यांसमोर म्हणाला, “पलीकडे वाडीच नाही. तुमची मुलगीही नाही. तुम्ही खोटं बोलता.”



हैबतीने घोंगडी सावरली. “खरं हाय, महाराज,” म्हणाला, आणि धुक्यात निघून गेला.

त्यानंतर तो आला नव्हता.

“पलीकडे काय पाहिलंस?” माईंनी आता विचारलं.

“गाळ. घरांच्या जोत्यांचे दगड. एका जोत्यावर बोरीचं झुडूप उगवलेलं.”

“कोणी भेटलं?”

“एक गुराखी. त्याला म्हटलं, हैबतीची मुलगी कुठे राहते? तो म्हणाला, पुरात गेली. घरातलं कोणीच राहिलं नाही.”

“मग?”

“मग परत आलो.”

“का?”

त्र्यंबक गोंधळला. “उत्तर मिळालं ना!”

“एवढ्यात?”

माईंनी सूप खाली ठेवलं. “तुला शंका आली, हे चांगलं झालं. स्वतःच्या पायांनी जाऊन पाहिलंस, हे त्याहून चांगलं. माझ्याच्यानं तेवढंही झालं नाही. पण तू शोधायला निघाला होतास, तर मध्येच का थांबलास?”

“मध्येच? माई, मला समजलं नाही.”

माईंनी अंगणाच्या कडेला बोट दाखवलं.

“त्याच्या जागी बस.”

त्र्यंबक गेला आणि बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, अंगणात दुसरीकडे कुठेही बसलं की समोर झोपडीची भिंत येते. इथून तेवढी दोन चिंचेच्या झाडांमधली फट दिसत होती. फटीत पांढरं धुकं होतं.

तो पाहत राहिला...

धुकं हळूच फाटलं. नदी दिसली. नदीपलीकडे गाळाचा पट्टा, काळे दगड, आणि दगडांवर ते बोरीचं झुडूप. क्षणभर त्याला वाटलं, झुडपाशी कोणीतरी वाकून उभं आहे. मग धुकं पुन्हा मिटलं.

“काय दिसतं?” माईंनी मागून विचारलं.

“वाडी होती ती जागा.” तो थांबला. “...माई, त्याला ठाऊक होतं. रोज तिकडे बघत तो सांगायचा.”

“मला कशाला सांगतोस?”

त्र्यंबक उठला. माळाकडे चालू लागला.

हैबतीचं खोपट माळाच्या टोकाला होतं. मेंढ्या दारातच कोंडलेल्या. शेजारणीने ठेवलेली भाकरी टोपलीखाली तशीच होती, वाळून कडक झालेली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“हैबतीबाबा, मी त्र्यंबक.”

“या.” तोंड भिंतीकडेच. “तुमी वावगं काय बोलला न्हाई, महाराज. खरं ते खरंच.”

त्र्यंबक उंबऱ्याशी बसला. वाटेने येताना त्याने क्षमा मागायची वाक्यं जुळवून आणली होती. घोटीव, एकापुढे एक. ओठावर आली तेव्हा तीही वादातल्या वाक्यांसारखीच वाटली. त्याने ती गिळून टाकली.

मेंढ्या खोकत होत्या.

“तुम्हाला ठाऊक होतं,” त्र्यंबक म्हणाला.

“मीच तर काठाव हुभा हुतो.”

...

“म्हायेरपणाला आलती. आजून चार दिस ऱ्हाते म्हनली. मी म्हनलो, सासरी बोल लागंल, जा. मीच नावंत बशिवली. पान्याला लई भ्यायची ती. नावंत बसताना माजा आंगठा सोडंना. मी सोडवून घ्येतला...” म्हातारा थांबला. “त्याच रातीला वरनं पानी आलं.”

त्र्यंबक उंबऱ्यावरून थोडा आत सरकला.

“लोकं चार दिस हळहळली. मंग कुनी नाव काढंना. माजं मन दुखंल म्हून. पुढं माई ऱ्हायला आल्या. त्यास्नी काय ठावं? सहज म्हनल्या, लेकरं किती? म्हनलो, एक लेक, चंद्रा. त्या म्हनल्या, कशी हाय? आता ‘कशी हाय’ म्हून इचारल्याव न्हाई कसं म्हनू? ...बरी हाय म्हनलो. दुसऱ्या दिशी परत बरी म्हनलो. मंग गाय आली. पोरगं आलं...”

त्र्यंबकला काय बोलावं कळेना. बरी असेल, म्हणावं, तर ते खोटं. गेली, म्हणावं, तर ते त्याने म्हणून झालं होतं. दोन्हीकडे दार लावलेलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की त्याच्यापाशी उत्तर नव्हतं आणि ते शोधायची घाईही नव्हती. त्याला फक्त एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती माहीत करून घ्यावीशी वाटत होती.

“हैबतीबाबा... चंद्रा कशी होती?”

मग म्हातारा कुशीवर वळला. हात टेकून उठून बसला. त्र्यंबककडे पाहू लागला, जणू कोण आलंय ते त्याला आताच दिसलं.

“ह्ये कुनी इचारलंच न्हाई मला.”

“मी विचारतोय.”

“माईंस्नी सांगायचो ती चंद्रा लई शानी. गोड बोलनारी. निरोप धाडनारी.” म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू यायला लागलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. “खरी तशी कुटं हुती, महाराज? खरी भांडकुदळ! माज्यासंगं भांडायची. मेंढरासंगं भांडायची. बिरोबाफुडं हुभी ऱ्हाऊन द्येवासंगं भांडायची...”

तो सांगत गेला. धुकं दारातून आत येत होतं. मेंढ्यांची लोकर कुठली आणि धुकं कुठलं ते ओळखू येईनासं झालं, आणि त्र्यंबकला वाटत राहिलं की बाहेर अंगणात कोणी मुलगी कमरेवर हात ठेवून एका एडक्याला रागे भरते आहे. जिथे समजलं नाही तिथे तो विचारत होता. एकदा म्हाताऱ्याचं बोलणं मागच्याशी जुळलं नाही. ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने ते जाऊ दिलं.

मध्येच हैबतीने टोपली उचलली. भाकरी गुडघ्यावर दाबून मोडली, अर्धी त्र्यंबकच्या हातावर ठेवली, आणि रडत रडत चावू लागला.

दिवस कलताना त्र्यंबक मठात परतला. माई अंगणात एकट्याच बसल्या होत्या. त्याने सगळं सांगितलं. जसं ऐकलं तसं.

“उद्या येतो म्हणालेत,” शेवटी म्हणाला.



“पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं,” माई म्हणाल्या. “पुढे कळलं. पण तो इतकं मन लावून सांगायचा, की मला धीर झाला नाही. वाटलं, बोलले तर हा मोडेल. म्हणून मी तेच विचारत राहिले. कशी आहे... कशी आहे...” त्यांनी हातांकडे पाहिलं. “कशी होती, हे मला कधी सुचलं नाही रे.”

त्र्यंबकने गुरूच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. आत कुठेतरी जुनी सवय जागी झाली. नको नको म्हणताना प्रश्न बाहेर पडलाच.

“मग माई, बरोबर कोण होतं? तुम्ही, की मी?”

विचारलं, आणि त्याला लाज वाटली.

नदीवर कुठेतरी वल्हं वाजत होतं. नाव दिसत नव्हती. माईंनी तो प्रश्न ऐकला की नाही, कोण जाणे. त्या हातांवर भार देऊन थोड्या पुढे सरकल्या, आणि गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलीसारखं त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“भांडायची, म्हणालास ना? ...कशावरून?”