जरीच्या काठाची गोधडी

फार जुनी गोष्ट. तुमच्या पणजीला तिच्या पणजीने सांगितली असेल, इतकी जुनी. घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात लहानसं चर्च होतं, आणि नदीच्या वाळूवर घर ना छप्पर अशी माणसं उघड्यावर निजत होती.

गावाची एक रीत होती. नाताळच्या सकाळी बायांनी आपल्या हातच्या गोधड्या चर्चच्या पायऱ्यांवर मांडायच्या, शेजारी भाकरी-गूळ ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. वाळूवरच्यांनी येऊन मनाला येईल ती उचलायची, जो पुढे असेल त्याने आधी. सगळ्यांत आधी जिची गोधडी उचलली जाई, तिने नाताळची घंटा वाजवायची.

वीस वर्षं ती घंटा हन्नाबाईने वाजवली. तिचा टाका इतका बारीक, की मुंगीला वाटावं आपलीच रांग चालली आहे. हे हन्नाबाईला ठाऊक होतं, आणि ते तिच्या चालण्यातही दिसायचं.

मग शेजारच्या घरात सगुणा लग्न होऊन आली. पहिल्याच नाताळला तिची गोधडी आधी उचलली गेली. दुसऱ्या वर्षीही तेच.

हन्नाबाईच्या पोटात जे दुखू लागलं, त्याला ओव्याची फक्कीही लागू पडेना. सगुणाचा टाका बोटभर लांब, रांग वाकडी. मग त्या गोधडीत आहे काय? रंग, असं तिने ठरवून टाकलं. लाल-पिवळे तुकडे लावते सटवी, म्हणून लोक भुलतात.

कुंपणापलीकडे सगुणा जुनी लुगडी पुन्हा पुन्हा धुवायची, पिळायची, उन्हात टाकायची. हन्नाबाई ते रोज बघायची. एकदा तिने विचारलंच, "काय गं, कपडा धुतेस की त्याचा जीव घेतेस?"

सगुणा हसली. "मऊ व्हायला हवा ना, काकू."

त्या हसण्यानेच हन्नाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगणारीने खरं काय ते सांगितलं होतं, पण जळणाऱ्या माणसाच्या कानात धूर भरलेला असतो.

तिसऱ्या वर्षी दिवाळी सरते न सरते तोच हन्नाबाई घरोघर फिरली. म्हणाली, यंदा चर्चसाठी मीच शिवणार, तुमची जुनेरं मला द्या. तिचा हात सगळ्यांना माहीत. बायांनी गाठोडीच्या गाठोडी काढून दिली. ती सगळी जुनेरं तिने परसातल्या धान्याच्या रिकाम्या कणगीत कोंबली आणि वरून झाकण घातलं. शिवायची नव्हतीच तिला. सगुणाला चिंधी मिळू नये, एवढंच हवं होतं.

स्वतःसाठी तिने पेटीतला लग्नातला शालू काढला आणि त्यावर कात्री चालवली. कोरं कापड घेतलं, चहूबाजूंनी जरीचे काठ लावले, मधोमध मोर काढला. दीड महिना डोळे फोडून शिवली. गोधडी अशी झाली, की राणीने सिंहासनावर घालावी.

नाताळची सकाळ उजाडली. दवाने पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. दर वर्षी तिथे दहा-बारा गोधड्या असायच्या, यंदा पाचच. बायांकडे कापडच नव्हतं. सगुणाने स्वतःच्या नेसणीतलं एक लुगडं फाडून शिवली होती, जेमतेम अंगभर.

वाळूवरची माणसं आली. पाच जणं होती, सगळ्यांत पुढे एक म्हातारबुवा. ती माणसं गोधडी कशी पारखतात, हे हन्नाबाईने वीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. तिची नजर नेहमी घंटेच्या दोरीवर. यंदा तिने पाहिलं. म्हातारबुवांनी एकेक गोधडी उचलून गालाला लावली आणि सगुणाची खांद्यावर घेतली. मागच्यांनीही तसंच केलं. गालाला लाव, उचल, चालू लाग.

शेवटी एक म्हातारी उरली आणि एक गोधडी. म्हातारीच्या अंगावर पोत्याचा तुकडा होता. तिने मोरावरून हात फिरवला. जरीचा काठ गालाला लावला, गाल चोळला, आणि घडी जशी होती तशी नीट करून ठेवली.

"बाई," ती म्हणाली, "ही बघायची आहे. निजायची नाही."

आणि कुडकुडत पायऱ्या उतरू लागली.

हन्नाबाई धावत घरी गेली. कणगीत हवी तेवढी मऊ जुनेरं होती, एक पटकन आणून द्यावं. तिने झाकण काढलं. तळाशी मूठभर जोंधळा राहिला होता, त्या वासाने उंदरांनी कणगी पोखरली होती. साऱ्या गावाच्या लुगड्यांचा भुगा झाला होता, आणि त्या भुग्यात एक उंदरीण आपल्या सात पिलांना घेऊन खुशाल निजली होती. हन्नाबाईच्या दानाने त्या वर्षी ऊब मिळाली ती त्या उंदरिणीला.

हन्नाबाईने झाकण तसंच टाकलं. मग घरात जाऊन तिने स्वतःच्या अंथरुणावरची, आईच्या हातची विटकी गोधडी उचलली आणि नदीच्या वाटेवर म्हातारीला गाठलं. म्हातारीने ती गालाला लावली आणि गालावरून काढलीच नाही.

मागे घंटा वाजली. सगुणा वाजवत होती. हन्नाबाईला तेव्हाही टोचलंच. मत्सर काही एका सकाळीत मरत नाही. पण त्या थंडीत ती जरीची गोधडी पांघरून निजली, आणि काठ गालाला टोचला की तिला पोत्यातली म्हातारी आठवायची.

म्हणून लेकरांनो, आणि लेकरांच्या आयांनो, ध्यानात ठेवा: देताना ज्याची नजर शेजाऱ्यावर असते, त्याच्या दानाची ऊब माणसाला लागत नाही.