सहाव्या पायरीची काठी

"...आणि असं लिहिणाऱ्याला काय म्हणावं, माय? गाढव की दुष्ट?"

येसूमाय नुसत्या हसल्या. नदीकाठच्या त्या मठात त्या गुरू, आणि लॅपटॉपशी कुस्ती खेळणारा हेरंब त्यांचा शिष्य. शहरातली कंपनी सोडून आलेला. 'मायचा शेवटचा शिष्य मी,' हे गावभर सांगायची गड्याला भारी हौस!

मायची नजर गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून रोजची पोथी हेरंबच वाचून दाखवी. पण आता त्याच्या गावी वडिलांचं ऑपरेशन. संध्याकाळच्या एसटीने निघायचं, ते काही महिने परतणं नाही. मागे राहणार स्वयंपाकाच्या काशाबाई. त्या बटण दाबतील, पण त्यांना अक्षरओळख नाही. म्हणून मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर हेरंबने शोधलं होतं. ते बसवण्याच्या सूचनांनी सकाळपासून त्याचा जीव मेटाकुटीला आणला होता.

"चौथी पायरी ऐका. 'नेहमीप्रमाणे आवाज जोडून घ्या.' नेहमीप्रमाणे! अहो, मी पहिल्यांदाच करतोय!"

"फुकट दिलंय ना रे त्याने?"

"हो."

"मग दमला असेल बिचारा लिहून लिहून. खाली बघ, आणखी कुणी अडलंय का."

हेरंब पानाच्या तळाशी, लोकांच्या प्रतिक्रियांत गेला, खरं तर चार शिव्या हासडायला. तिथे कुण्या परवीनबाईंनी लिहिलं होतं, 'सासऱ्यांसाठी करत होते. चौथ्या पायरीला रडकुंडीला आले. आधी संगणक बंद करून पुन्हा चालू करा, मग आवाज आपोआप दिसतो.'

त्याने तसं केलं. आवाज दिसला!

सहाव्या पायरीला गाडी पुन्हा रुतली. तिथे मात्र खाली कुणाचीच ओळ नव्हती. हेरंबने डोकं खाजवलं, उलटसुलट करून पाहिलं, शेवटी पोथीच्या फाईलच्या नावातली मोकळी जागा काढून टाकली...

आणि लॅपटॉप बोलू लागला. पोथीचं पहिलं पान, स्वच्छ मराठीत.

हेरंबचे डोळे भरून आले. "माय, होणार तुमची पोथी! मी नसलो तरी होणार!"

मायने हात वर केला. "थांबव. पोथीआधी वंदन असतं ना? आज त्या लिहिणाऱ्याला कर, आणि त्या बाईला."

हेरंबने पडद्यापुढे हात जोडले, मनापासून. सकाळच्या शिव्या आठवून त्याला लाजही वाटली.

"बाईंनी तारलं, माय. पण सहावी पायरी मी माझ्या डोक्याने सोडवली हं!"

"मग लिहिलंस खाली?"

"आता कशाला? झालं की आपलं काम."



मायने उशाची काठी उचलून जमिनीवर टेकवली. नजर गेल्यापासून हीच त्यांच्या हातात असे.

"ही कुठली रे?"

"मीच आणलेली. पहिल्यांदा आलो तेव्हा नदीत रोवलेली होती. घसरायला होत होतं, म्हणून उपटून घेतली आधाराला."

नदीला पूल नव्हता. जिथे पाणी उथळ, तिथे पार होणारा माणूस निर्गुडीची काठी रोवून ठेवी, अशी तिकडची रीत. गावकऱ्यांना वाट पाठ होती. काठी असायची ती परक्यांसाठी.

"तुझ्यामागून या मठात कोण आलं, हेरंबा?"

"कुणी नाही. मीच तर शेवट..."

त्याची नजर काठीवर गेली.



मग हेरंबने लॅपटॉप पुढे ओढला. परवीनबाईंच्या ओळीखाली आधी त्यांचे आभार लिहिले, मग सहावी पायरी लिहिली, अगदी फोड करून, पहिल्यांदाच करणाऱ्याला कळेल अशी.

उन्हं कलली. काशाबाईंनी बटण दाबून पाहिलं, पोथी सुरू झाली. हेरंबने मायच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला तर मायने काठी त्याच्यापुढे धरलेली.

"जाताना रोव."

"अहो, पण माय, तुम्हाला काठी?"

"मी नदी केव्हाच उतरलेय, बाळा."