सुताराचं कुंपण आणि अकरा पिल्लं

मला आधी एक सांगा, भरवसा कुणावर ठेवावा? भिंतीवर, की भिंतीपलीकडच्या माणसावर?

मागे एक गिऱ्हाईक माझ्या दुकानात कुलूप घ्यायला आलं. म्हणालं, "चांगलं जाड दाखवा, शेजारी बरा नाही." दाखवलं. पुडी बांधता बांधता मी सहज विचारलं, "गावाला निघालात वाटतं? मग किल्ली कुठं ठेवणार?" तर म्हणतो, "कुठं म्हणजे? शेजाऱ्याकडंच की!" आम्ही दोघंही हसलो. पण तो गेल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली, ती ऐका.

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याला एका गावात एक म्हातारा सुतार राहत होता. घर गावाच्या अगदी टोकाला. एका बाजूला नुसतं माळरान, दुसऱ्या बाजूला एकच शेजारीण, टोपल्या विणून पोट भरणारी सगुणा. दोघांच्या परसांच्या मधे मेंदीचं बुटकं कुंपण होतं.

सुताराची बायको वारली होती. तिनं पाळलेल्या कोंबड्यांपैकी आता एक कोंबडा आणि एक तांबडी कोंबडी एवढीच उरली होती. घरात आवाज असा तो त्या दोघांचाच. सुतार कामाला बसला की त्यांच्याशीच बोलायचा. "ही फळी वाकडी आहे का गं?" असं तांबडीला विचारायचा आणि उत्तराची वाटही पाहायचा.

त्यानं त्यांच्यासाठी सागवानी खुराडं केलं होतं. मुंगसाला शिरायला फट नाही, रानमांजराला उचकटता येईल अशी कडी नाही. त्याला त्याचा फार अभिमान. "माझ्या खुराड्यातून आजवर पीसही गेलं नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

दिवसा मात्र कोंबड्या परसात चरायच्या. सगुणा तिकडे ओटीवर टोपल्या विणत बसलेली असायची आणि मधूनच सूप बडवून ओरडायची, "हुऽऽर्र! हुऽऽर्र!" सुतार रंध्यावरची मान वर न करता पुटपुटायचा, "हिला आरडायची सवयच आहे."

एका उन्हाळ्यात तांबडीची अंडी मिळेनाशी झाली. पण रोज सकाळी ती मेंदीखालून सगुणाच्या परसात जायची आणि तिथं उभी राहून कॉक-कॉक-कॉक असा ओरडा करायची. अंडं घातल्यावर कोंबडी कशी ओरडते हे कुणाला माहीत नाही? सुतारानं मनात हिशेब मांडला. आठ दिवस ओरडा, म्हणजे आठ अंडी. नवव्या दिवशी तो कुंपणाशी गेला.

"सगुणे, माझी अंडी कुठं आहेत?"

"कसली अंडी, दादा?"

"तांबडी रोज तुझ्या दारात येऊन ओरडते. उगीच ओरडते होय?"

"ओरडते खरी. पण माझ्या परसात एक अंडं सापडलं असेल तर शपथ. या, तुम्हीच बघा."

"खाल्लेली अंडी बघायला कशाला येऊ?"

सगुणाचा हात विणता विणता थांबला. "बरं. मग देवालाच विचारा, दादा. मी सांगून काय उपयोग?"

चार दिवसांनी तांबडीही दिसेनाशी झाली. सुतार पुन्हा कुंपणाशी गेला आणि भर सकाळी ओरडला, "अंडी पचली, आता कोंबडीही पचवलीस!" या वेळी सगुणा उठली. आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्याच दिवशी सुतारानं मेंदी तोडली आणि पुरुषभर उंचीच्या फळ्या ठोकल्या. फळीला फळी अशी भिडवली की मुंगीनंही वाट शोधावी. सगुणानं आपलं बसायचं बसकर उचललं आणि घराच्या पलीकडच्या अंगाला नेऊन टाकलं.

मग तिथं शांतता झाली. तांबडी नाही, सूप नाही, हुर्र नाही. कोंबडा संध्याकाळी खुराड्याच्या दाराशी उभा राहायचा आणि आत जायचाच नाही. सुतार त्याला म्हणायचा, "चल बाबा, आपण दोघंच आता." दिवसचे दिवस त्याच्या तोंडून याहून जास्त शब्द निघत नसत.

तीन आठवडे गेले. एका सकाळी परसातल्या लाकडांच्या ढिगाखालून किलबिल ऐकू आली. सुतार वाकून बघतो तो तांबडी! वाळलेली, पिसं झडलेली, आणि मागून एक, दोन, तीन... अकरा पिल्लं. अंडी त्याच्याच लाकडांखाली घालायची, आणि कुणाला जागा कळू नये म्हणून पार शेजारी जाऊन ओरडायचं, अशी त्या पाखराची चतुराई!

सुताराला आनंद झाला, आणि लगेच सगुणा आठवली. कुंपणाकडे दोन पावलं गेला. मग थांबला. "सांगू सावकाश," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून एक सावली सरकली. सुतार धावेपर्यंत घार एक पिल्लू घेऊन माळावर गेली होती. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक. आता त्याला कळलं, इतकी वर्षं ते सूप कशासाठी वाजत होतं. त्यानं बुजगावणं उभं केलं. घार त्याच्याच डोक्यावर येऊन बसली. स्वतः राखण करत बसला, पण म्हाताऱ्या डोळ्यांना घार दिसायची ती खाली उतरल्यावर. पिल्लं कोंडून ठेवली, तर ती मलूल झाली. पिल्लं पाच उरली. वाटसरूनं विचारलं, "किती निघाली हो?" तर सुतार सांगायचा, "पाचच निघाली."

मग एक दिवस त्यानं गुपचूप फळ्या काढल्या. त्याला वाटलं, आता सगुणा आपोआप बघेल. पण ती पलीकडे, इकडं पाठ करून बसली होती. घार आली. पाचवं पिल्लू घारीच्या पंजात ओरडलं. पाठ तशीच राहिली.

त्या वेळी सुताराला आपलं परस फार मोठं वाटलं. ते ओलांडून तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सगुणे, अंडी माझ्याच लाकडांखाली होती. अकरा पिल्लं निघाली. तुला चोर म्हटलं, ते खोटं होतं."

सगुणानं वर पाहिलं नाही. "ठाऊक आहे. पिल्लांचा आवाज काय फळीनं अडतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"चोरी तुम्ही माझ्या नावावर लावलीत, दादा. काढायचीही तुम्हीच. मी कशी काढणार?"

सुतार तिथंच जमिनीवर टेकला.

"किती राहिली?" तिनं विचारलं.

त्याच्या ओठांवर एक मोठा आकडा आला. तो त्यानं गिळला. "चार."

सगुणानं विणलेली टोपली बाजूला ठेवली, बसकर ओढत ओढत परसाच्या बाजूला आणलं आणि पुन्हा विणायला बसली. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळावरून घार निघाली. "हुऽऽर्र! दादा, घार!" सूप वाजलं. तांबडीनं पंख पसरले, चारही पिल्लं खाली शिरली. घार एक घिरटी घालून रिकामी गेली. रंधा हातात धरून सुतार तसाच उभा होता. किती दिवसांत कुणी त्याला हाक मारली नव्हती!

संध्याकाळी खुराडं लावताना त्यानं पिल्लं मोजली आणि मोठ्यानं म्हणाला, "चार!"

पलीकडून उत्तर आलं, "ऐकलं!"

गेली ती सात काही परत आली नाहीत.

तात्पर्य: दाराची कडी मुंगसाला अडवते, पण आभाळातून येणारं संकट शेजाऱ्याच्याच डोळ्याला आधी दिसतं. आणि तो डोळा आपल्याकडे वळायला हवा असेल, तर आपली चूक आपल्याच तोंडानं सांगावी लागते.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर एवढं करा. कुणाच्या नावावर न केलेली चोरी मांडली असेल तर ती खोडा, आणि त्याला जाऊन तसं सांगाही. अकरा असतील तर अकरा म्हणा, चार असतील तर चार म्हणा, पण हिशेब खरा ठेवा.